पांढऱ्या पुरचुंडीचं देणं

अक्षर गिचमिड आहे आणि शुद्धलेखन तर विचारूच नये. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. वेलांटी पहिली की दुसरी हे मला शाळेत असतानाही कळत नव्हतं, आता तर डोळेही साथ देत नाहीत. ही वही नातीची आहे. तिची अर्धी कोरी राहिली म्हणून मी मागून घेतली. कशाला हवी ते तिला सांगितलं नाही. कुणाच्या हाती पडली आणि वाचता आली नाही, तर वाचणाऱ्याने मला माफ करावं आणि चुलीत घालावी. चार बायकांत मला बोलता येत नाही. बचत गटाच्या मीटिंगलाही मी भिंतीला टेकून बसते आणि सही करून येते. पण परवा सून म्हणाली, "आई, पैसे सगळे एकच ना, मग तुम्ही या डब्यातले त्या डब्यात का घालू देत नाही?" मी नुसती हसले. सांगायला गेले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता. म्हणून लिहिते.

आमचं घर डोंगराकडच्या अंगाला एका पाड्यावर होतं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान सोनी. आमच्या दोघींच्या मधली दोन गेली होती. बाबा ट्रकवर माल चढवायचे आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. आई आणि मी घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला जायचो. पहाटे टेम्पो यायचा, त्यात उभं राहून जायचं. आई झाडाखाली चिकू गोळा करायची. मी पडवीत बसून ते धुवायची, लहान-मोठे वेगळे करायची आणि पेटीत गवत घालून लावायची. चिकूच्या चिकाने बोटं काळी पडत, राखेने घासली तरी काळीच राहत. हप्त्याच्या दिवशी मुकादम नाणी हातावर ठेवायचा ती तळहाताला चिकटायची. दुपारी गाडीची शिट्टी ऐकू आली की आम्ही नागलीची भाकरी सोडायचो. सोबत सुका जवळा, नाहीतर मिरचीचा ठेचा. तो जवळ्याचा वास आणि पिकलेल्या चिकूचा वास एकत्र आला की अजून मला पंधरा वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

घरी आलो की आई कोपऱ्यातली टोपली खाली काढायची. तिच्यात चार पुरचुंड्या होत्या. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून रंग. पिवळी बाजाराची, म्हणजे तेल, मीठ, रॉकेल, जवळा. निळी आजारपणाची. लाल सणाची आणि लग्नकार्यातल्या आहेराची. आणि पांढरी मयताची. आई पाय पसरून बसायची, हप्ता समोर ओतायची आणि प्रत्येकीत तिचं तिचं घालायची. पांढरीत दर हप्त्याला एक रुपया. घरात काही असो नसो, तो एक रुपया चुकला नाही. आईची आई गेली तेव्हा अंगावर घालायला कापड नव्हतं. आजोबा वाडीवाल्याकडे उचल मागायला गेले ते दुपार टळली तरी आले नाहीत, आणि तोवर ती तशीच अंगणात पडून होती, माश्या हाकलत माझी आई शेजारी. तेव्हा आई सोनीएवढी होती. "माझ्या घरात मयताला कोणापुढं हात पसरायचा नाय," एवढंच ती बोलायची.

एकीचं दुसरीत जायचं नाही, हा नियम. मी एकदा बाजारात बांगड्यांच्या हातगाडीपाशी उभी राहिले तर आईने विचारलं, "कुठल्या रंगाच्या?" मी म्हटलं, हिरव्या. ती म्हणाली, "बांगड्या नाय विचारत. पैसे कुठल्या रंगाचे?" बांगड्या लाल पुरचुंडीतल्या, आणि सण दीड महिन्यावर. आम्ही पुढे चालू लागलो. एका पावसाळ्यात पिवळी तीन दिवस आधीच संपली. लाल पुरचुंडीत पैसे होते, निळीतही होते. तीन दिवस आम्ही अळणी खाल्लं. सोनी रडली तर आईने तिला भाकरीला चाटायला चिंच दिली. शेजारची काशीमावशी हे बघून कपाळावर हात मारून घ्यायची. तिच्या घरात पैसा आला की त्याच दिवशी कोंबडी आणि दुसऱ्या दिवशी उसनवारी. ती आईला म्हणायची, "लाडके, तुझ्या टोपलीत चार भाऊबंद हायेत आणि चारी एकमेकांशी बोलत नाय. असलं घर मी बघितलं नाय बाय!" बाबाही हसायचे. पण आपली मजुरी आणून गुपचूप आईच्या पुढ्यात ठेवायचे.

पांढरीला आम्ही हात लावत नव्हतो. टोपली झाडायची तरी आई ती पुरचुंडी स्वतः उचलायची. तिचं म्हणणं असं की मयतासाठी ठेवलेला पैसा मयताला ओळखतो. उगाच सोडला तर तो रिकामा परत येत नाही, कुणाला तरी घेऊन जातो. लहानपणी मला टोपलीकडे पाठ करून झोपायची भीती वाटायची.

मग लावणीच्या दिवसांत सोनी तापली. आधी काही वाटलं नाही, पोरं तापतातच. पाड्यावर सुई द्यायला येणाऱ्या माणसाने दोनदा सुई दिली, त्यात निळी संपत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी सोनीचे डोळे पिवळे झाले. पाणी पाजलं तर ओठांच्या कडेने बाहेर आलं. ती आईला "काकी" म्हणाली. ओळखत नव्हती. बाबा ट्रकबरोबर गेलेले. पाऊस असा की समोरचा पाडा दिसत नव्हता. मी धावत सडकेवर गेले आणि देवजीची जीप घेऊन आले. देवजी पलीकडच्या पाड्यातला, कासा ते सडक अशी भाड्याची जीप चालवायचा. तो आत आला नाही, दारातूनच सोनीकडे बघून म्हणाला, "वहिनी, कासाला दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच. पण ओढ्याला पाणी हाय, वरून फिरून जावं लागंल. शंभर होतील, आणि आधी लागतील."

आईने टोपली ओढली. पिवळी सोडली, निळी सोडली, लाल सोडली. तीनही गाठी एका वेळी सुटलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. सगळं मिळून साठ रुपये. आईने ते देवजीपुढे धरले. "बाकीचे हप्त्याला देते."

"वहिनी, मागच्या पावसात असंच दोघांना नेलं. पैसे अजून येतायत. मला डिझेल कोण उधार देत नाय."

पांढरी टोपलीत तशीच होती. मी तिच्याकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं.

"आये, तिच्यात हायेत ना."

"नाय."

"आये, सोनी मरंल."

"ती उघडली तर मरंल," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "जिवंत पोराच्या उशाशी ती गाठ सोडायची नाय. तुला कळत नाय, तू गप ऱ्हा." आणि तिने अंगावरची चांदीची साखळी काढायला सुरुवात केली. साखळीचा फासा निघेना. ती दाताने ओढत होती. देवजी म्हणाला, साखळीचं मी काय करू, पंपावर साखळी घेतात का? आई म्हणाली, मग थांब, काशीकडं बघते, आणि पावसात बाहेर पळाली. मला ठाऊक होतं काशीमावशीकडे काही नसणार. सोनीने एक श्वास घेतला आणि पुढचा घ्यायला इतका वेळ लावला की मी टोपलीत हात घातला. गाठ दाताने सोडवली. आत तीनशे रुपये होते, रुपया रुपया जमवून नोटा केलेले. चाळीस देवजीला दिले आणि उरलेलं तसंच पोलक्यात खोचलं. आई रिकाम्या हाताने परत आली तेव्हा देवजीने सोनीला उचललं होतं. आईला वाटलं, त्याला दया आली. सगळ्या वाटेने ती त्याला आशीर्वाद देत होती. मी मागे बसले होते आणि देवजी आरशातून माझ्याकडे बघत होता.

कासाला सोनीला लगेच सलाईन लावलं. आम्ही पाच दिवस तिथे होतो. दूध, औषधं, आमचं दोघींचं खाणं यासाठी मी पोलक्यातून पैसे काढत होते आणि सोनीच्या उशाशी बसलेल्या आईला ते कुठून येतात याचं भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनीने डोळे उघडून भात मागितला. मी आनंदाने पदर सावरला आणि पांढरी चिंधी खाली पडली.

आईने ती उचलली, उलटी करून बघितली. मला वाटलं मारेल. ती नुसती बाहेर गेली. बऱ्याच वेळाने मी तिला शोधायला गेले तर ती मागच्या बाजूला पत्र्याखाली उभी होती, चिंधी मुठीत, आणि पावसाकडे बघून कुणाशी तरी बोलत होती. बाजारात भाव करतात तसं. हुज्जत घातल्यासारखं. मी जवळ गेले तेव्हा ती थांबली.

"कोणाशी बोलतेस आये?"

"गाठ सुटली ती सुटली. आता रिकामी जायची नाय." तिने चिंधीने तोंड पुसलं. "सोनीचं नाव मी काढून घेतलं. माझं घातलं."

"म्हणजे?"

"म्हणजे ती भरेपर्यंत मला मुदत हाय. भरली की मी. नाय भरली तर सोनी. तू उघडलीस, तूच भरायची. दुसऱ्या कोणी घालून चालायचं नाय." आणि मग, मी रडायला लागले तशी, "रडते कशाला? पोरीनं भात मागितला ना? जा, भात बघ."

घरी आलो तेव्हा एकशे पंधरा उरले होते. एकशे पंच्याऐंशी गेले. मी हा आकडा आजवर विसरले नाही. लग्नाची तारीख विसरले.

त्यानंतर दर हप्त्याला माझ्या मजुरीतले पाच रुपये मी पांढरीत घालायची. आई बाजूला बसून बघायची आणि गाठ मारताना म्हणायची, "एकशे ऐंशी ऱ्हायले." पुढच्या हप्त्याला, "एकशे पंच्याहत्तर ऱ्हायले." भाजीचा भाव सांगावा तशी. सोनी शेजारी बसून नागलीचे दाणे निवडत असायची, तिला काहीच माहीत नव्हतं. ती ठणठणीत झाली होती, झाडावर चढायची, शाळेत जायची, आम्हा सगळ्यांत मोठ्याने हसायची. पाऊस असेल, वाडीत काम नसेल, त्या हप्त्याला पाच पडायचे नाहीत आणि मला रात्री गाढ झोप लागायची. पण लगेच सोनी शिंकली की मी उठून बसायची. आईला तेव्हाच खोकला लागला होता. आकडा खाली यायला लागला तसा खोकला वर चढतोय असं मला वाटायचं. खरं तसं असेल नसेल. मी दोन्ही मोजत होते एवढं खरं.

दीड वर्षाने आकडा पाचावर आला. आईने गाठ मारली, म्हणाली, "पाच ऱ्हायले," आणि माझ्याकडे बघून हसली. जणू काम उरकलं.

पुढच्या हप्त्याला बाजारात मी पाच रुपयांच्या बांगड्या घेतल्या. त्याच्या पुढच्या हप्त्याला रिबिनी. मग गारेगार, मग एक आरसा, मग तो आरसा असताना दुसरा आरसा. घरी यायच्या आत माझ्या हातात पाच रुपये सुट्टे राहता कामा नयेत, एवढंच मला कळत होतं. मला बांगड्यांची हौस उरली नव्हती, खरं सांगते. हातात भरताना त्या गार लागायच्या आणि मला शहारा यायचा. काशीमावशी अंगणातून ओरडायची, "अगो लाडके, तुझी थोरली बघ! हप्त्याला बांगड्या, हप्त्याला रिबिनी! वाडीवाल्याची सून झाली काय? चार भाऊबंदांच्या घरात ही पाचवी कुठली निघाली?" बायका हसायच्या. पाड्यावर माझं नाव उधळी पडलं. बाबांनी एकदा विचारलं, तुला काय कमी आहे गं? मी मान खाली घातली. आई दर हप्त्याला टोपली काढायची, तिघींत पैसे घालायची, पांढरीची गाठ सोडून माझ्यापुढे धरायची, थोडी थांबायची आणि पुन्हा बांधायची. "पाच ऱ्हायले."

माझं लग्न झालं, मी तलासरीकडे सासरी गेले, तिथेही माझ्याआधी माझं नाव पोचलं होतं. सासूने पहिल्याच महिन्यात पैसे स्वतःकडे घेतले. मला बरंच वाटलं. माहेरी जायचे तेव्हा बसचं भाडं मोजून न्यायची, वर एक नाणं नाही. आई दारातच हात पुढे करायची आणि मी रिकामा हात तिच्या हातात ठेवायची.

एकदा मात्र पाच रुपये टोपलीपर्यंत नेले होते. सोनी सातवीत असताना शाळेची सहल बोर्डीला समुद्रावर गेली. त्या दिवशी मी माहेरी होते. दुपारची परत यायची गाडी संध्याकाळ झाली तरी आली नाही. कुणीतरी म्हणालं, भरतीची वेळ होती. मी काशीमावशीकडून पाच रुपये मागून आणले, बहुतेक त्या एकाच दिवशी तिच्याकडे होते. टोपली खाली काढली, गाठ सोडली आणि नोट आत धरून उभी राहिले. आई चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. टाक असंही म्हणाली नाही, थांब असंही नाही. बोटांत नोट ओली झाली. मग सडकेवर पोरांचा गलका ऐकू आला, गाडीचा टायर फुटला होता म्हणे, आणि सोनी ओल्या परकराने, वाळूने भरलेली, आत आली आणि म्हणाली, "ताई, तू टोपलीत काय बघतेस?" मी नोट काढून घेतली. आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

आज सून फोनवर बोट ठेवते आणि बाजार, औषध, नातीची फी, सगळं एकाच खात्यातून जातं. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. अळणी खायची वेळ तिने पोरांवर कधी आणली नाही. पण एवढे वेगवेगळे पैसे एकमेकांत मिसळतात आणि तिला काही होत नाही, हे बघून मी थक्क होते.

पुढचं लिहायच्या आधी हे सांगून टाकते, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. सोनीच्या लग्नानंतरच्या पावसात आई गेली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आधीपासूनच खराब होती, आणखी दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. असेल. कापड, लाकडं, दिवस, सगळं पांढरीतून झालं. बाबांना कुणाच्या दारात जावं लागलं नाही. सोनीला आता तीन नातवंडं आहेत. तिला यातलं मी कधीच सांगितलं नाही.

सोनीच्या हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, तारपा वाजत होता, आणि लग्न लावणारी धवलेरी बाई गाणं धरून बसली होती. आई आत कुडाला टेकून बसलेली, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिच्या पुढ्यात हळदीची वाटी होती आणि ती वाटी देत नव्हती. बायका दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा काशीमावशी आली, "लाडके, पोरगी पाटावर बसून वाळली, हळद दे ना." आई म्हणाली, "थोरलीला पाठव." मी आत गेले. टोपली तिने आधीच खाली काढून ठेवली होती.

"पाच दे."

"नायत माझ्याकडं."

"पदराच्या गाठीला हायेत. धवलेरीला द्यायला आणलेस. ते दे, तिला मी देते."

मी पदर मुठीत धरला. "आये, ऱ्हाऊ दे ना. इतकी वर्षं काय झालं? सोनी बरी हाय, तू बरी हायस."

"मी बरी हाय?" ती हसली आणि त्या हसण्याने तिला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत होते. पोलक्यातून हाडं हाताला लागत होती. "दुसऱ्याच्या घरी देणं घेऊन मी पोर पाठवायची नाय. उद्या तिचं पोट येईल, बाळंतपण येईल. तवा तू कुठं कुठं धावशील पाच रुपये घेऊन?"

"आणि नाय दिले तर?"

"तर हळद लागायची नाय. आज नाय, उद्या नाय. वऱ्हाड बसंल मांडवात. मी बसते इथंच." मग तिने माझा हात धरला, काळ्या बोटांचा. तिचीही तशीच होती. "अकरा वर्षं जास्तीची दिलीस मला. मला कळत नव्हतं काय, बांगड्या कशाला घेतेस? पाड्यानं तुला उधळी म्हटलं, मी ऐकत ऱ्हायले. एकदा पण बोलले नाय त्यांना. तेवढं माझं चुकलं. आता पुरे कर बाय."

बाहेर तारपा थांबला होता. सोनीचा आवाज आला, "आये, मला भूक लागली गं!" आणि बायका खो खो हसल्या.

मी पदराची गाठ सोडली. सुटेना, मग दाताने सोडली. नोट आईच्या हातात द्यायला गेले तर तिने हात मागे घेतला आणि पुरचुंडी उघडून धरली, मीच टाकायला हवी म्हणून. मी टाकली. आईने सगळे पैसे मांडीवर ओतले आणि पहिल्यापासून मोजले, एकेक नोट ओल्या बोटाने, घाई न करता. मला प्रत्येक नोटेला वाटत होतं, एखादी कमी भरू दे. "तीनशे," ती म्हणाली. तिने चिंधीची गाठ मारली, ओढून बघितली, टोपलीत ठेवली आणि हळदीची वाटी उचलून माझ्या हातात दिली.